आम्ही मारलंच नाही, मग डीडीटी आलं कुठून?

"मॅडम, बागेत आम्ही डीडीटी कधी मारलंच नाही. मग मातीच्या रिपोर्टात ते आलं कुठून?" निफाड, दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार लॅबमध्ये आले की हा प्रश्न हमखास विचारतात. काहींच्या आवाजात राग असतो आणि तो मला रास्त वाटतो. प्रत्येक फवारणी वहीत टिपून ठेवणाऱ्या माणसावर न केलेल्या गोष्टीचा ठपका का यावा? म्हणून या जुन्या कीटकनाशकाबद्दल जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे शेतीत डीडीटीवर 1989 पासून बंदी आहे. डासांसाठी ते त्यानंतरही वापरात राहिलं. मलेरियावाले घरोघरी भिंतींवर पांढरा फवारा मारून जायचे, तो घरातल्या मोठ्यांना विचारा. मातीत डीडीटी वर्षानुवर्षं टिकतं, हळूहळू त्याचं डीडीई होतं आणि ते त्याहून चिवट. त्यामुळे एकूण आकड्याआधी मी दोघांचं एकमेकांशी प्रमाण बघते. डीडीई बरंच जास्त असेल तर हा जुना साठा आहे, यंदाच्या फवारणीचा नाही.

दुसरी वाट आडून येते. पिकावरच्या लाल कोळी या बारीक किडीवर डायकोफॉल नावाचं औषध मारलं जायचं. ते डीडीटीपासूनच बनतं आणि बनवताना थोडं डीडीटी त्यात शिल्लक राहतं. अशा वेळी बागायतदाराने डीडीटीचा डबा हातातही धरलेला नसतो, तरी ते रानात पोचतं. याचीही खूण असते. डीडीटीत क्लोरीनची जागा बदललेला एक प्रकार असतो, ओपी-डीडीटी. नेहमीच्या डीडीटीत तो जेमतेम पाचवा हिस्सा असतो. डायकोफॉलबरोबर आलं असेल तर त्याचं प्रमाण चांगलंच चढतं. 2019 मध्ये डायकोफॉलही स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेलं.

या खुणा वाचायच्या तर आधी सगळं वेगवेगळं करावं लागतं आणि खरी मेहनत तिथेच आहे. सावलीत वाळवून चाळलेली माती हेक्झेन-ॲसिटोन या द्रावकांत घुसळली की औषधांचे अंश द्रावणात उतरतात, पण त्यांच्याबरोबर मातीतलं बाकीचंही बरंच काही उतरतं. द्राक्षबागेच्या मातीत सगळ्यात जास्त छळतं ते गंधक. भुरी या बुरशीजन्य रोगासाठी आपण ते वर्षानुवर्षं मारत आलोय. आमच्या यंत्राला (गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) गंधकही दिसतं आणि आलेखावर त्याचा भला मोठा उंचवटा नेमका आम्हाला हव्या त्या जागेवर पसरतो. म्हणून अर्कात तांब्याची स्वच्छ पूड घालून हलवतो. लालसर चकचकीत पूड बघता बघता काळी पडते, म्हणजे गंधक तिने धरलं. काळी पडायची थांबेपर्यंत नवी पूड घालत राहायचं. ही पायरी घाईत उरकलेला रिपोर्ट मी सही करून बाहेर जाऊ देत नाही.

मग फ्लोरिसिल या नको ते घटक धरून ठेवणाऱ्या पुडीच्या थरातून अर्क गाळून, आटवून, त्यातला एक मायक्रोलिटर यंत्रात सोडतो. आत वेटोळं करून ठेवलेली 30 मीटर लांब, केसासारखी बारीक नळी असते. तिच्या आतल्या लेपाला जो रेणू जास्त चिकटतो, तो उशिरा बाहेर पडतो. डीडीई आधी येतं, डीडीटी नंतर. शेवटी डिटेक्टर, म्हणजे बाहेर आलेलं टिपणारा भाग. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी 1957 मध्ये तो तयार केला. त्यात निकेल-63 या किरणोत्सारी धातूमुळे इलेक्ट्रॉनांचा बारीक प्रवाह सतत चालू असतो. क्लोरीन असलेला रेणू आला की तो इलेक्ट्रॉन पकडतो आणि प्रवाह घटतो. ती घट आम्ही मोजतो. एक किलो मातीत मिलिग्रॅमचा हजारावा भाग असला तरी पकडता येतो.

पण हा डिटेक्टर नाव सांगत नाही. इतक्या मिनिटाला इलेक्ट्रॉन खाणारं काहीतरी आलं, एवढंच तो सांगतो. त्यामुळे दुसऱ्या जातीच्या नळीवर किंवा मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूच्या वजनावरून तो ओळखणाऱ्या यंत्रावर) खातरी झाल्याशिवाय रिपोर्टात डीडीटी लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. आणखी एक धोका आहे. नमुना जिथे सोडतो ती काचेची नळी मळली की ताजं डीडीटी तिथेच मोडून डीडीई आणि डीडीडी (डीडीटीचंच आणखी एक मोडलेलं रूप) होतं, आणि नवं डीडीटी जुनं वाटू लागतं. म्हणून नमुन्यांआधी शुद्ध डीडीटी सोडून बघायचं. 15 टक्क्यांहून जास्त मोडलं तर काच बदलायची, मगच पुढचं काम. तुमच्या लॅबला ही तपासणी दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

द्राक्षांची काळजी वाटत असेल तर मण्यांची चाचणी वेगळी करून घ्या. डीडीटी मातीला घट्ट धरून असतं, वेलीच्या मुळांतून घडापर्यंत फारसं चढत नाही. भोपळ्याच्या जातीतल्या काही वेली मात्र ते बऱ्यापैकी ओढून घेतात, म्हणून अशा रानात तो वेल लावण्याआधी विचारा. माती आणताना बागेत नागमोडी फिरून बऱ्याच ठिकाणची घ्या आणि काचेच्या बरणीत आणा. प्लास्टिकच्या पिशवीतून काही रसायनं मातीत उतरतात, आणि आमच्या डिटेक्टरला तीही दिसतात.