रत्नागिरीची हवा आणि कन्सोलची वॉरंटी : माझा अनुभव

आमचा गेमिंग कन्सोल आता उत्तम चालू आहे आणि त्याच्या दुरुस्तीसाठी अखेरीस एक रुपयाही द्यावा लागला नाही. तरीही सेवाकेंद्राच्या जॉबशीटवरचा (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावरचा) ‘लिक्विड डॅमेज, आउट ऑफ वॉरंटी’ हा शेरा आठवला की माझा संताप पुन्हा जागा होतो. ज्या यंत्राच्या आसपास आम्ही पाण्याचा पेलादेखील ठेवत नव्हतो, त्याच्या बिघाडाचे खापर एका ओळीत आमच्या माथी मारले गेले आणि ती ओळ खोडून घेण्यात पावसाळ्याचा मोठा भाग खर्ची पडला. रत्नागिरीसारख्या समुद्राकाठच्या गावी ज्यांच्या घरी कन्सोल आहे, त्यांच्यावर हीच वेळ येऊ शकते, म्हणून जे घडले ते तपशिलाने लिहीत आहे.

बिघाडाची लक्षणे अशी होती : बटण दाबल्यावर बीप ऐकू येई, दिवा लागे, पंखाही फिरे, मात्र टीव्हीवर ‘नो सिग्नल’ याखेरीज काहीच उमटत नसे आणि थोड्या वेळाने यंत्र आपोआप बंद पडे. खरेदीला अजून वर्ष व्हायचे होते, त्यामुळे वॉरंटी शिल्लक होती. एचडीएमआय केबल बदलून पाहिली, शेजाऱ्यांच्या टीव्हीला जोडून पाहिले, एक्स्टेंशन बोर्ड काढून थेट भिंतीवरच्या सॉकेटमधून वीज दिली, सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच मूलभूत सोयींसह, सुरू करून पाहिले. या चारही गोष्टी आधी करून घ्याव्यात आणि त्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा, कारण तक्रार नोंदवताना हेच प्रश्न पुन्हापुन्हा विचारले जातात आणि दिवा लागतो पण चित्र येत नाही, हे व्हिडिओत दिसले की वाद तिथेच मिटतो.

गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडून हॉट एअरने चिप तापवून देण्याची तयारी दाखवली होती. मी ठामपणे नकार दिला. सोल्डरचे सांधे तापवल्याने यंत्र कधीकधी काही आठवडे चालते, पण मूळ दोष तसाच राहतो, आसपासच्या सुट्या भागांना उष्णतेचा फटका बसतो आणि सील तुटल्यामुळे वॉरंटीवर बोलायला जागाच उरत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या जुन्या कन्सोलच्या काळात लोक तो टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवत असत, तोही याच जातीचा तात्पुरता आणि घातक उपाय होता.

तक्रार नोंदवणे, बिलाची प्रत पाठवणे, अनुक्रमांकाचा फोटो देणे हे सुरळीत पार पडले. त्या कंपनीचे सर्वांत जवळचे अधिकृत केंद्र कोल्हापूरला होते, म्हणून आंबा घाटातून जाऊन यंत्र तिथे जमा केले. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली.

काही दिवसांनी मोबाइलवर संदेश आला की तपासणीत लिक्विड डॅमेज आढळले आहे, दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही आणि खर्चाचा अंदाज मंजूर करावा. तो अंदाज नव्या कन्सोलच्या निम्म्या किमतीहून अधिक होता. मी पुन्हा कोल्हापूर गाठले. काउंटरवरचा मुलगा सौजन्याने वागला, पण त्याच्या हातात काहीच नव्हते. “मॅडम, सिस्टिममध्ये जे आलंय तेच मी सांगू शकतो. एस्टिमेट अप्रूव्ह करा, नाहीतर मशीन परत घेऊन जा,” एवढेच तो पुन्हापुन्हा सांगत राहिला. तपासणी कुणी केली, यंत्राच्या कोणत्या भागावर पाणी दिसले, फोटो आहेत का, या प्रश्नांवर उत्तर एकच : तपासणी दुसऱ्या शहरातल्या कार्यशाळेत होते, आम्ही फक्त घेतो आणि पाठवतो. ग्राहक सेवेच्या क्रमांकावर फोन केला तर तिथले लोक सांगत की निर्णय केंद्राचा आहे, केंद्राला विचारा. केंद्र म्हणे, निर्णय कंपनीचा आहे. ज्या कार्यशाळेत तो शेरा लिहिला गेला, तिथे ग्राहकाला पोहोचण्याची वाटच ठेवलेली नव्हती. प्रत्येक फोनला नवा माणूस, प्रत्येकाला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायची, आणि शेवटी “आम्ही तुमची तक्रार पुढे पाठवली आहे” हे एकच वाक्य ऐकायचे. या चक्रात माणूस थकून पैसे भरतो. मीही भरण्याच्या बेतात आले होते, हे लपवण्यात अर्थ नाही, कारण घरी मुलाचा रोजचा प्रश्न होता आणि माझ्याही मनात अर्धवट राहिलेला खेळ होता.

मला सावरले ते एका साध्या विचाराने. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवेत समुद्राचे मीठ असते आणि पावसाळ्यात लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्यासुद्धा गंजतात. हा कन्सोल मी त्याच रत्नागिरीतल्या अधिकृत विक्रेत्याकडून, त्याच कंपनीच्या वॉरंटी कार्डासह घेतला होता. या हवेत जे यंत्र विकायला चालते, ते या हवेत वर्षभर टिकायलाही हवे. हवेतला ओलावा हा ग्राहकाचा निष्काळजीपणा कसा ठरतो? वॉरंटी कार्डावर वगळलेल्या गोष्टींमध्ये द्रव सांडणे हे कारण लिहिले होते. समुद्राकाठी राहणे हे कारण कुठेही नव्हते.

यापुढे मी फोनवर बोलणे थांबवले आणि सगळा व्यवहार ईमेलने केला. इथे सर्वांना कळकळीने सांगते : फोनवर दिलेले आश्वासन नंतर सिद्ध करता येत नाही, ईमेल करता येते. मी तीन गोष्टी मागितल्या, तंत्रज्ञाचा लेखी तपासणी अहवाल, आतल्या भागांचे स्पष्ट फोटो आणि ज्या अटीखाली वॉरंटी नाकारली त्या अटीचा नेमका क्रमांक. उत्तरे टोलवाटोलवीची येत राहिली. अनेक स्मरणपत्रांनंतर फोटो आले, आणि ते उघडताच माझा राग दुपटीने वाढला. एचडीएमआय पोर्टच्या बाहेरच्या धातूच्या आवरणावर आणि दोन स्क्रूंवर पांढरट, पातळ थर दिसत होता. मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, स्वच्छ होता.

द्रव सांडल्याच्या खुणा वेगळ्या असतात. पाणी, चहा किंवा सरबत आत गेले तर ते वाळताना कडा सोडते, डाग एका वाटेने खाली उतरलेला दिसतो, हवा आत-बाहेर जाण्याच्या जाळीजवळ चिकट किंवा भुरकट अवशेष सापडतात आणि सुट्या भागांच्या पायांशी हिरवट, निळसर गंज साचतो. खाऱ्या, दमट हवेने येणारा गंज उघड्या धातूवर सगळीकडे थोडाथोडा, एकसारखा पसरतो आणि पोर्टची तोंडे व स्क्रू यांच्यावर तो आधी दिसतो. ज्याने बाईकचे स्पोक किंवा खिडकीचे गज समुद्राकाठी पाहिले आहेत त्याला हा फरक सांगावा लागत नाही. शिवाय पोर्टच्या बाहेरच्या आवरणावरचा थर चित्र बंद पडण्याचे कारण कसा ठरतो, हे अहवालात कुठेच नव्हते. केवळ गंज दिसला म्हणून बिघाड त्यामुळेच झाला, असे गृहीत धरले होते.

माझे सविस्तर पत्र मी याच मुद्द्यांवर रचले, आणि त्यात या उद्योगाचा इतिहासही घातला, कारण बिघाडाचा दोष आधी वापरणाऱ्याकडे ढकलण्याची सवय जुनी आहे. एक्सबॉक्स ३६० बाजारात आला नोव्हेंबर २००५ मध्ये. तीन लाल दिवे लागून बंद पडणाऱ्या यंत्रांच्या तक्रारींचा ढीग साचल्यावर जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरपेक्षा अधिक रक्कम बाजूला काढली. यंत्र सतत तापण्या-थंड होण्याच्या ताणाने चिपमधल्या सूक्ष्म जोडण्या तुटत होत्या, हे कारण पुढे २०२१ मध्ये कंपनीच्याच माहितीपटात सांगितले गेले. निंटेंडो कंपनीचा स्विच हा कन्सोल मार्च २०१७ मध्ये आला. त्याच्या जॉय-कॉन कंट्रोलरच्या कांडीला हात न लावताही खेळात आपोआप हालचाल होते, या तक्रारीवर अमेरिकेत जुलै २०१९ मध्ये दावा दाखल झाला, जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांसमोर दिलगिरी व्यक्त केली आणि २०२३ मध्ये युरोपात वॉरंटी संपल्यावरही या दोषाची मोफत दुरुस्ती करण्याचे कंपनीने मान्य केले. माझ्या यंत्राचा दोष या दोन्हींपेक्षा वेगळा होता, तरी मला एवढेच दाखवायचे होते की मोठमोठ्या कंपन्यांनी बनवलेल्या यंत्रांतही आतून दोष निघतात, आणि म्हणून कारण शोधण्यापूर्वी ग्राहकावर ठपका ठेवणे योग्य नाही.

पत्राला आठवडाभर उत्तर आले नाही, तेव्हा मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ही सेवा विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते आणि तक्रारीला क्रमांक मिळतो. बिल, जॉबशीट, फोटो आणि सगळे ईमेल मी एकाच पीडीएफमध्ये क्रमाने लावून जोडले. हेल्पलाइनला निकाल देण्याचा अधिकार नाही, ती कंपनीकडे तक्रार पोहोचवून उत्तर मागते. पण कंपनीच्या ज्या माणसापर्यंत आपण पोहोचू शकत नाही, त्याच्या टेबलावर कागद ठेवण्याचे काम ती नक्की करते. सोबत मी कळवले की समाधान न झाल्यास रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाल्यापासून तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करू शकतो, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील करण्याची सक्ती नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कोल्हापूर किंवा आणखी दूरच्या शहरात खेटे घालण्याची भीती दाखवून कुणी गप्प करू पाहत असेल, तर ही माहिती हाताशी असावी. माझा मसुदा खरोखर तयार होता.

त्यानंतर कंपनीच्या मुख्य कार्यालयातून एका अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांनी माझे ईमेल वाचले होते, आणि नव्याने हकिकत सांगावी लागली नाही, याचेच मला मोठे समाधान वाटले. पुन्हा तपासणी झाली. या वेळच्या अहवालात मदरबोर्डवरच्या व्हिडिओ आउटपुटच्या भागात दोष असल्याचे लिहून आले, मदरबोर्ड वॉरंटीत बदलला गेला आणि आधीचा शेरा रद्द झाला. पहिल्या तपासणीत पाणी कुठे दिसले होते, याचे उत्तर मला आजवर मिळालेले नाही. मला त्या उत्तराचा हक्क आहे असे मी मानते, आणि ते मी अजूनही मागत आहे.

या सगळ्यात मागे राहिलेल्या काही गोष्टी आता सांगते. यंत्र केंद्रात देताना आत डिस्क राहू देऊ नये. चित्र येत नसले तरी इजेक्ट बटण बहुधा काम करते. आतल्या स्टोरेजवरचा डेटा दुरुस्तीत पुसला जातो आणि चित्रच येत नसताना तो बाहेर काढण्याचा मार्ग नसतो, म्हणून खेळातली प्रगती जपणाऱ्या सेव्ह फाइल आपोआप क्लाउडवर जातील अशी व्यवस्था यंत्र चांगले असतानाच करावी. आमचे सगळे सेव्ह त्यामुळे वाचले आणि मुलाला खेळ जिथे सोडला होता तिथून पुन्हा सुरू करता आला. जमा करताना यंत्राचे सर्व बाजूंचे, पोर्टचे आणि सीलचे फोटो काउंटरवरच, जॉबशीट शेजारी ठेवून काढावेत. वाद चालू असताना यंत्र परत घ्यावेच लागले, तर पावतीवर ‘शेरा मान्य नाही’ असे लिहून मगच सही करावी, कारण काही पावत्यांवर ग्राहक समाधानी असल्याचे आधीच छापलेले असते. खोके आणि आतला थर्मोकोल फेकू नये.

आणखी एक, आणि हे मला अगदी शेवटी, यंत्र ताब्यात घेताना सुचले. मदरबोर्ड किंवा पूर्ण यंत्र बदलले की अनुक्रमांक बदलू शकतो, आणि मग बिलावरचा क्रमांक व यंत्रावरचा क्रमांक जुळत नाही. पुढच्या वेळी त्याच कारणाने वॉरंटी नाकारली जाऊ नये, म्हणून जुना क्रमांक, नवा क्रमांक, बदललेल्या भागाचे नाव आणि त्या भागाची वॉरंटी कधीपर्यंत आहे, हे सर्व केंद्राच्या शिक्क्यासह लिहून मागितले. काउंटरवरच्या त्या मुलाने वरिष्ठांना विचारून लगेच लिहून दिले आणि मी ते पत्र बिलाला टाचून फाइलमध्ये ठेवले आहे.