जॉब कार्डावर न लिहिलेली ओळ

अकरा वर्षं मी सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. सांगली-मिरज पट्ट्यातल्या एका मोठ्या कार वर्कशॉपात. कंपनीचं नाव सांगत नाही, आणि सांगून फरकही पडणार नाही, कारण पाटी बदलली तरी आतला कारभार सगळीकडे तोच.

सकाळी नऊ ते साडेदहा या दीड तासात पंधरा-सोळा गाड्या सर्व्हिसला घ्यायच्या असतात. एका गाडीला पाच-सहा मिनिटं. तेवढ्यात किलोमीटर टिपायचे, ओरखड्यांचे फोटो काढायचे, एस्टिमेट सांगायचं आणि मध्येच जमेल तसं एक्स्टेंडेड वॉरंटीचं, म्हणजे पैसे भरून मूळ वॉरंटीची मुदत वाढवण्याचं, बोलायचं. तिला आम्ही आपसांत नुसतं 'ईडब्ल्यू' म्हणतो. महिन्याचं टारगेट असतं, आणि दर शनिवारी वर्क्स मॅनेजर कोणाच्या किती ईडब्ल्यू झाल्या ते सगळ्यांसमोर वाचून दाखवतात, चाचणी परीक्षेचे मार्क वाचावेत तसे. एका पॉलिसीमागे माझ्या हातात जे पडतं त्यात माझ्या दुचाकीची टाकीही भरत नाही.

गुरुजी तासगावकडचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. गुडघे गेलेले, म्हणून क्लचचं पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी एएमटी गाडी घेतलेली. तीन वर्षांत चौदा हजार किलोमीटर. गाडी इतकी स्वच्छ की आमची वॉशिंगची पोरं म्हणायची, "गुरुजींच्या गाडीला पाणी मारायचं ते कागदापुरतं." जूनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या सर्व्हिसला आले तेव्हा मूळ वॉरंटी संपायला नऊ दिवस उरले होते. आमच्याकडे मूळ वॉरंटी चालू असतानाच ईडब्ल्यू घ्यावी लागते. एकदा संपली की दार बंद. आणि जितका उशीर कराल तितकी ती महाग होत जाते. गाडी घेताना जी सात हजारांना मिळाली असती, ती त्या दिवशी जीएसटी धरून अकरा हजार चारशेला पडत होती.

त्यांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि सरळ विचारलं, "बाळ, तुझी गाडी असती तर तू घेतली असतीस का?"

हा प्रश्न रोज कोणी ना कोणी विचारतं, आणि त्याचं पाठ केलेलं उत्तर आहे. एक भीतीदायक पार्ट सांगायचा, त्याची किंमत सांगायची आणि गप्प बसायचं. टर्बो सांगा, स्टिअरिंगची मोटर सांगा, एसीचा कॉम्प्रेसर सांगा. पण गुरुजींसमोर ते जमलं नाही. मी कागद घेऊन हिशेब मांडला. वर्षाला साडेचार-पाच हजार किलोमीटर. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, वायपर, बॅटरी, टायर हे झिजणारं काही ईडब्ल्यूत बसत नाही. उंदरानं वायर कुरतडली, बाहेर म्युझिक सिस्टीम बसवताना वायरिंग कापलं, तर क्लेम नामंजूर. पुराचं पाणी शिरलं तर तो विम्याचा विषय. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी ओसरल्यावर आमच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली होती. त्यातले निम्मे लोक "वॉरंटीत करा की" म्हणत होते, आणि तुमच्या विम्यात इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्यानं गेलेल्या इंजिनाची भरपाई, आहे का असं विचारलं की तोंडाकडे बघायचे. मी गुरुजींना म्हणालो, "तुमच्या वापराला ह्या गाडीत काही जाणार नाही. अकरा हजार बँकेत टाका."

पलीकडच्या टेबलावरचा माझा सहकारी हे ऐकत होता. त्या महिन्यात त्याच्या एकवीस ईडब्ल्यू झाल्या, माझ्या सहा. गुरुजी गेल्यावर म्हणाला, "तू धर्मशाळा काढ." मला मात्र दिवसभर छान वाटत होतं. खोटं कशाला सांगू, अभिमानच वाटत होता.

नोव्हेंबरात मिरजेहून फोन आला. गुरुजी बाईंना, त्यांच्या पत्नीला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी अडली होती. डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर लुकलुकतंय, इंजिन सुरू होत नाही. मागच्या गाडीवाले हॉर्न मारतायत. चार माणसांनी ढकलली तरी हलत नाही. ती हलणारच नाही. एएमटी गाडी गिअरमध्ये टाकून उभी करतात, आणि तो गिअर काढायला आत प्रेशर लागतं. प्रेशर नाही म्हणजे गाडी जागच्या जागी खुंटीला बांधल्यासारखी. पुढची चाकं उचलून आणावी लागली.

इथं थोडं आतलं सांगतो, कारण बहुतेकांना एएमटी म्हणजे पूर्ण ऑटोमॅटिक वाटते. तसं नाही. क्लच आणि गिअरबॉक्स साध्या गाडीतलाच. फक्त क्लच दाबायला तुमचा पाय नाही आणि गिअर टाकायला हात नाही, ते काम ह्या गाडीत तेलाच्या प्रेशरवर चालणारं एक युनिट करतं. त्यात छोटा इलेक्ट्रिक पंप, काही व्हॉल्व्ह आणि प्रेशर साठवून ठेवणारा एक डबा असतो, ॲक्युम्युलेटर. डब्यात एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला नायट्रोजन, मध्ये पडदा. तुम्ही ड्रायव्हरचं दार उघडता तेव्हा 'घुं' असा आवाज येतो ना, तो हा पंप. तुम्ही बसून चावी फिरवेपर्यंत प्रेशर तयार ठेवतो. डबा धड असेल तर दोन-तीन सेकंदात पंप गप्प होतो, आणि प्रेशर आधीच भरलेलं असेल तर बोलतही नाही. डब्यातला गॅस उतरला की प्रेशर टिकत नाही. मग पंप पुन्हा पुन्हा चालतो, जास्त वेळ चालतो, आणि शेवटी स्वतःच जातो. फ्लोअरवरचे जुने मेकॅनिक स्कॅनर लावायच्या आधी दार उघडून नुसते कान देतात.

आणि हा गॅस गाडी उभी असली तरी उतरतो. त्याला किलोमीटरशी देणंघेणं नाही.

माझा हिशेब इथं चुकला. मी डिप्लोमा केला तेव्हाच्या गाड्यांचा नियम लावला, कमी पळाली म्हणजे कमी झिजली. रिंग-पिस्टनला तो लागू आहे. सेन्सरला, सीलला, सर्किटला नाही. आजच्या गाडीत महाग असतं ते हेच, आणि ईडब्ल्यूत बसतं तेही बहुतांशी हेच. थोडक्यात, मी त्यांना जी यादी वाचून दाखवली ती खरी होती, फक्त ती न बसणाऱ्या वस्तूंची होती.

एस्टिमेट निघालं बावन्न हजार. युनिट अख्खंच बदलायचं. बाहेर काही जण नुसता ॲक्युम्युलेटर बदलून देतात, आम्हाला तशी परवानगी नाही. वर स्कॅनर लावून क्लचचं लर्निंग, म्हणजे नव्या युनिटला क्लच कुठं धरतो ते शिकवणं, नव्यानं करायचं.

पण मला झोप लागली नाही ती या आकड्यामुळे नाही.

गुरुजींनी एस्टिमेट शांतपणे वाचलं. मग शबनममधून वही काढली. पेट्रोल, हवा, टोल, सगळं तारखेनिशी मांडलेलं, फळ्यावरच्या अक्षरात. जूनचं पान त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. सर्व्हिसच्या बिलाच्या आकड्याखाली एक ओळ होती: 'दार उघडताना आवाज लांबतो, सांगितले. नॉर्मल म्हणाले.'

ते 'म्हणाले' म्हणजे मीच. मला ते आठवत नव्हतं. वाचल्यावर आठवलं, की आठवल्यासारखं वाटलं, हे अजून सांगता येत नाही. सकाळची गर्दी, हातात टॅब, आणि "तो पंप आहे गुरुजी, येतोच आवाज" असं मी दिवसातून दोनदा तरी कुणाला सांगतोच. जॉब कार्डावर, म्हणजे गाडी घेताना आम्ही भरतो त्या कागदावर, गिऱ्हाइकाच्या तक्रारीची एक चौकट असते. मी काढून पाहिली. तिथं लिहिलं होतं, 'रेग्युलर सर्व्हिस'.

ती एक ओळ तिथं असती तर? वॉरंटी चालू असताना तक्रार नोंदवली आहे, आणि वॉरंटी संपल्यावर तोच पार्ट गेला, तर कंपनीशी भांडायला हातात काहीतरी असतं. कदाचित जूनमध्येच युनिट फुकट बदललं असतं, आणि ईडब्ल्यू घ्यायची की नाही हा प्रश्न त्या पार्टापुरता उरलाच नसता. मी तिकडे अकरा हजारांचा हिशेब मांडत होतो, आणि खरी गोष्ट त्यांनी मला त्याआधीच सांगून टाकली होती.

आम्ही ती चौकट रिकामी का ठेवतो तेही सांगतो. तक्रार लिहिली की ती सोडवल्याचं लिहावं लागतं, मेकॅनिकनं ट्रायल घ्यावी लागते, वॉरंटी कामाची लेबर कंपनी तोकडी देते म्हणून फोरमन कुरकुरतो, आणि तीच तक्रार पुन्हा आली की 'रिपीट' म्हणून माझे मार्क कापले जातात. न लिहिण्यात सगळ्यांचं भलं, गिऱ्हाईक सोडून. लोकही गाडी द्यायच्या घाईत जॉब कार्ड न वाचता सही करतात. बिल मात्र भिंगातून वाचतात.

आमचे मॅनेजर "बाहेरच्या गॅरेजनं हात लावला की वॉरंटी गेली" असं प्रत्येकाला दरडावतात. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा कार कंपन्यांना अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला, तेव्हा अशी सरसकट अट घालू नका असंही बजावलं होतं. प्रकरण पुढं अपिलात गेलं. आमच्या काउंटरवर ते वाक्य अजून तसंच आहे, आणि मीही ते म्हणतो.

गुरुजींसाठी मी गुडविलचा अर्ज टाकला. हे काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही, पण वॉरंटी नुकतीच संपली असेल, सगळ्या सर्व्हिस वेळेवर झाल्या असतील, तर कंपनी कधीकधी खर्चात वाटा उचलते. अर्जासोबत मी वहीच्या पानाचा फोटो जोडला. मॅनेजर म्हणाले, "स्वतःच्याच हातानं लिहून देतोस होय?" मी म्हटलं, हो. अकरा दिवसांनी पार्टाच्या निम्म्या रकमेला मंजुरी आली. ती वहीमुळे आली की स्वच्छ रेकॉर्डमुळे, हे कळायला मार्ग नाही. मंजुरीच्या मेलमध्ये कारण नसतं.

डिलिव्हरीच्या दिवशी गुरुजी साधारण सत्तावीस हजार भरून पावती घडी करत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "गुरुजी, माझा सल्ला चुकला."

"सल्ला तुझ्या अकलेप्रमाणे दिलास. आवाज मात्र ऐकला नाहीस," ते म्हणाले. रागानं नाही. वर्गात गणित तपासल्यासारखं.

मग गाडीजवळ आल्यावर म्हणाले, "आता हा किती वेळ यायला पाहिजे ते दाखव." मी मोबाइलवर घड्याळ लावलं आणि दार उघडलं. घुं. अडीच सेकंद. बंद करून पुन्हा उघडलं, काहीच नाही. "प्रेशर भरलंय, म्हणून गप्प," मी म्हटलं. त्यांनी दोन्ही वेळा बॉनेटवर वही ठेवून लिहिलं, आणि तिसऱ्यांदा दार त्यांनी स्वतः उघडलं.