पुराचा नाला आणि शाळा तपासणी

आज आमच्या केंद्रातल्या (शाळांच्या गटातल्या) एका शाळेच्या तपासणीसाठी बुटीबोरीकडे गेली होती. येताना असा पाऊस, की नाल्यावरून गढूळ पाणी चाललेलं. स्कूटी बाजूला लावली, टपरीवर उभी राहिली. काका म्हणाले, "मॅडम, थांबा न. पाणी उतरते अर्ध्या तासात."

थांबली. अन् तिथंच हिस्लॉप आठवला.

आपल्याला हिस्लॉप म्हणजे नागपूरचं कॉलेज. ते 1883 चं, त्याच्या मृत्यूनंतरचं. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आला अन् पुढच्याच वर्षी शाळा काढली. धर्मप्रचारासाठी आला होता, ते लपवायचं काही कारण नाही. पण माणूस मराठी शिकला, गोंडांच्या कथा गोळा केल्या, अन् रिकाम्या वेळात दगड अन् जीवाश्म! एका खनिजाला हिस्लोपाइट नावही पडलं. (आम्हाला रिकामा वेळ मिळाला तर आम्ही ऑनलाइन माहिती भरतो.)

4 सप्टेंबर 1863. बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून सोबतचे पुढं निघाले. हा मागं राहिला, कशासाठी? तर बोरीची गावशाळा तपासायला. अंधारात एकटा घोड्यावर निघाला, वाटेत ओढ्याला पूर. घोडा परतला, स्वार नाही. सेहेचाळिशीही पूर्ण नव्हती.

माझ्या पिशवीत तपासणीचा फॉर्म प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. एक रकाना राहिलाच होता, मुलींच्या स्वच्छतागृहाचा. नळ होता, पाणी नव्हतं. टपरीवरच "नाही" लिहिलं.

पाणी उतरायला पाऊण तास लागला. काकांनी दुसऱ्या चहाचे पैसे घेतले नाहीत.