नकाशावर तिळगुळाचे डबे

संक्रांतीचा कार्यक्रम आटपला, हळदीकुंकवाची ताटं धुवून झाली, हॉलच्या खुर्च्या भिंतीला रचून ठेवल्या की आमचे नकाशावाले काका गाडीतून त्यांची ती पिशवी घेऊन यायचे. फरशीवर ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचा, नारिंगी कव्हरचा नकाशा अंथरायचे आणि कोपरे सारखे वर येतात म्हणून चारी बाजूंना तिळगुळाचे डबे ठेवायचे. मग मंडळातले जे कोणी घरी जायच्या गडबडीत नसतील ते सगळे भोवती मांडी घालून बसायचे, लहान पोरं पोटावर पालथी पडून, आणि मे महिन्याच्या कॅम्पला यंदा कुठे जायचं हे ठरवायचं. माझ्यासाठी मंडळाचं वर्ष तिथे सुरू व्हायचं. गणपती मोठे, दिवाळी मोठी, सगळं खरं, पण त्या फरशीवरच्या तास-दीड तासाची मी डिसेंबरपासून वाट बघायचे.

आम्ही इंग्लंडच्या मधल्या भागातले, मिडलंड्सवाले, म्हणजे कोणी लेस्टरचं, कोणी नॉटिंगहॅमचं, कोणी कॉव्हेंट्रीचं, आणि कॅम्प ठरलेला मेच्या शेवटच्या बँक हॉलिडेला, कारण तेव्हा शाळांना हाफ टर्मची सुट्टी असते आणि उजेड रात्री साडेनऊपर्यंत टिकतो. जानेवारीतच ठरवायचं कारण चांगल्या कॅम्पसाइट तेव्हाच भरायला लागतात, शिवाय चाळीस माणसं म्हटलं की बऱ्याच साइटवाले फोनवरच नाही म्हणतात, त्यांना ग्रुप नकोच असतात, फक्त फॅमिली आणि कपल्स. त्यांची भीती मला समजते. आमच्या वहिनी फोन करायच्या आणि पहिल्याच वाक्यात सांगायच्या की आमच्यात आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे आहेत, दारू नाही, गाणी दहाला बंद. आणि खरंच दहाला बंद व्हायची, अंताक्षरी कितीही रंगात आलेली असली तरी.

काकांचा एक नियम होता, जागा निवडायची ती सगळ्यात कमी चालणाऱ्या माणसाकडे बघून. पुण्यात असताना त्यांनी राजमाची, हरिश्चंद्रगड इतक्या वेळा केलेले की पाय अजून तयार होते, त्यांना एकट्याला जायचं असतं तर कुठलाही डोंगर चालला असता. पण मंडळाच्या कॅम्पला त्यांना एका जागेतून निघणारे तीन रस्ते हवे असायचे. एक बाबागाडी आणि आजींसाठी सपाट, एक शाळेतल्या पोरांसाठी, एक दिवसभराचा. ते नकाशावर बोट फिरवून दाखवायचे, ह्या तपकिरी रेषा बघ, जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे चढ उभा, जिथे लांब लांब आहेत तिथे आजी चालतील, ह्या हिरव्या तुटक रेषा म्हणजे सगळ्यांना जायचा हक्क असलेल्या पायवाटा, हा निळा तंबू म्हणजे कॅम्पसाइट. मग पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंद करायचे. 'नळ लांब.' 'गेटनंतर चिखल.' 'इथे बाक आहे.' त्यांचे जुने नकाशे आता घडीवर फाटलेत, मागून टेप लावलीये, पण त्या नोंदी अजून वाचता येतात.

पहिली तीन-चार वर्षं आम्ही पीक डिस्ट्रिक्ट ह्या डोंगराळ भागातच जायचो, जवळ म्हणून. डव्हडेलला नदीतल्या दगडांवरून पलीकडे जायचं आणि वर थॉर्प क्लाउड, उंची जेमतेम २८७ मीटर पण पोरांना एव्हरेस्ट चढल्यासारखं वाटायचं. सपाट रस्त्यासाठी मॉन्सल ट्रेल होता, साडेआठ मैलांची जुनी रेल्वेलाइन. १९६८ ला गाड्या बंद झाल्या आणि २०११ पासून तिचे बोगदेही चालायला उघडले. बोगद्यात पोरं ओरडून आवाज घुमवायची आणि मावशी मंडळी सुद्धा, कोणी बघत नाहीये असं बघून.

पण पीकमधली माझी सगळ्यात लाडकी जागा एडेल. ती निवडली गेली स्टेशनमुळे. मंडळात तेव्हा नॉटिंगहॅमला शिकणारी सात-आठ मुलं-मुली होती, कोणाकडे गाडी नाही, आणि काका म्हणाले की ह्यांना दरवेळी कोणाच्या तरी मागच्या सीटवर सामानासारखं कोंबायचं हे बरोबर नाही, त्यांना त्यांचं येता आलं पाहिजे. एडेल मँचेस्टर-शेफील्ड लाइनवर आहे. शेफील्डला गाडी बदलायची, स्टेशनात उतरायचं आणि थोडं चाललं की तंबू. ती मुलं पाठीवर सॅक आणि हातात कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन उतरली तो फोटो माझ्याकडे अजून आहे.

एडेलच्या दक्षिणेला मॅम टॉर, ५१७ मीटर. तिथे वर एक प्राचीन डोंगरी किल्ला होता, त्याचे मातीचे तट अजून दिसतात. हे कळल्यावर आमच्या पोरांना वेगळं काही सांगावंच लागलं नाही, किल्ला म्हटल्यावर ती पळतच वर गेली आणि तटावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार झाला, आजूबाजूचे इंग्रज लोक कौतुकाने थांबून बघत होते. खाली कॅसलटनच्या बाजूला तो मोडलेला रस्ता दिसतो, डोंगर सारखा घसरत राहिला म्हणून १९७९ ला तो रस्ता दुरुस्त करायचा नाद सोडून दिला, डांबराचे थर एकावर एक चढलेले आहेत. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा, त्याने त्या भेगेत हात घालून विचारलं की डोंगर अजून चालतोय का. काका म्हणाले हो, आपल्यापेक्षा हळू.

आणि उत्तरेला किंडर स्काउटचं पठार. त्या संध्याकाळी काकांनी सगळ्यांना बसवून १९३२ ची गोष्ट सांगितली होती. तेव्हा हे सगळं माळरान जमीनदारांच्या शिकारीसाठी बंद होतं. २४ एप्रिलला मँचेस्टरच्या बाजूचे शेकडो कामगार, तरुण पोरं-पोरी, हेफील्डहून चालत निघाले आणि मनाई मोडून वर चढले, त्यातल्या पाच जणांना तुरुंगात टाकलं. पुढे १९४९ ला नॅशनल पार्कांचा कायदा झाला आणि १९५१ ला पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं नॅशनल पार्क झालं. काका म्हणाले, त्याच १९३२ साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ सुरू झालं. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही हे त्यांनीच सांगितलं, पण मला ते वर्ष तेव्हापासून विसरताच आलेलं नाही. आपण ज्या पायवाटेवर डबे घेऊन आरामात चालतो ती कोणीतरी जेलमध्ये जाऊन मोकळी केलेली आहे, हे मी पुढच्या प्रत्येक कॅम्पला नवीन आलेल्यांना सांगत आले.

खाण्याबद्दल लिहिलं नाही तर घरचे लोक मला माफ करणार नाहीत. पहिल्या दिवशी घरून आणलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस माणसांचे पोहे. ह्या पोह्यांमुळे आम्ही गॅसचं शास्त्र शिकलो. इथे निळ्या सिलिंडरमध्ये ब्युटेन असतो आणि डोंगरात मे महिन्यातही पहाटे चार-पाच डिग्री असतात, त्यात तो मंद जळतो, पोहे भिजून लगदा होतात तरी तेल तापत नाही. तेव्हापासून लाल सिलिंडर, प्रोपेन. रात्री वांगी भाजायची तर शेगडी जमिनीपासून वर हवी, गवत जळलं नाही पाहिजे, हे साइट ठरवतानाच विचारून घ्यायचं. आल्याच्या चहाचं पातेलं उकळलं की शेजारच्या तंबूतलं कोणी ना कोणी मग घेऊन यायचंच. दरवर्षी. म्हणून आम्ही चहा नेहमी दहा कप जास्तीचा टाकायचो.

लेक डिस्ट्रिक्टला गेलो ते वर्ष वेगळं. जागा डोळ्यांत भरण्यासारखी, बॉरोडेलची दरी, नदीकाठचं मऊ हिरवं शेत, समोर ओढ्याचा आवाज, फोटो बघूनच सगळे हो म्हणाले. तिथलंच सीथवेट गाव इंग्लंडमधल्या सगळ्यात जास्त पावसाच्या गावांत धरलं जातं, वर्षाला तीन मीटरच्या वर पाऊस, महाबळेश्वरपेक्षा कमी, पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत आटपतो आणि इथला वर्षभर पुरवून पुरवून पडतो. दुसऱ्या रात्री दोन वाजता मला पाठीखाली गार लागलं, हात लावला तर मॅट तरंगत होती. सगळ्यांनी टॉर्च लावून आधी पोरं गाड्यांमध्ये नेली, मग आजी, मग कणीक आणि तांदूळ. पहाटे जवळचा एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, काही न बोलता त्याने गोठ्याशेजारची कोरडी शेड उघडून दिली, आणि दुपारपर्यंत चाळीस माणसांचे कपडे त्याच्या दोऱ्यांवर वाळत होते. त्याच्या बायकोला आम्ही उरलेला सगळा गूळ दिला, तिने तो चाखून बघितला आणि डोळे मोठे केले. पुढच्या जानेवारीत काकांनी नियम वाढवला, सपाट जागा हवी पण सगळ्यात खालची नको, आणि पाणी ऐकू आलं पाहिजे पण दिसता कामा नये.

स्कॉटलंडला एकदाच गेलो, ऑगस्टमध्ये. तिथे २००३ च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवर तंबू लावता येतो, इंग्लंड-वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी लागते, फक्त नैऋत्य इंग्लंडमधलं डार्टमूरचं माळरान तेवढं वेगळं, तिथला हक्क २०२५ ला सुप्रीम कोर्टानेही मान्य केला. पण स्कॉटलंडची ती मोकळीक लहान गटांसाठी आहे, दोन-तीन रात्री राहून कुठलीही खूण न ठेवता निघायचं, चाळीस जणांनी त्याचा फायदा घेणं मला पटत नाही आणि आम्ही घेतलाही नाही, साइटवरच राहिलो. ग्लेन कोची दरी डोळ्यांचं पारणं फेडणारी आहे. मात्र ऑगस्टमधल्या मिजेस, त्या चिलटांनी लहान पोरांच्या कानामागे इतकं फोडून काढलं की काकांनी नकाशावर लिहिलं, 'मे, किंवा नाहीच.'

आणि मग २०१४, स्नोडन. आता बरेच जण वेल्श नाव घेतात, अर विद्वा, आम्ही तेव्हा स्नोडनच म्हणायचो. १०८५ मीटर, वेल्समधलं सगळ्यात उंच. त्या वर्षी एका मैत्रिणीच्या सासूबाई भारतातून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, वय शहात्तर, मूळच्या अकोले तालुक्यातल्या. जानेवारीच्या बैठकीला त्या नव्हत्या, पण सुनेने सांगितलं की आजींना डोंगर फार आवडतो आणि गुडघे साथ देत नाहीत. काका बराच वेळ नकाशाकडे बघत बसले. मग म्हणाले, लॅनबेरिस. तिथून १८९६ पासून छोटी ट्रेन थेट शिखराजवळ जाते आणि चालायची सगळ्यात सोपी वाटही तिथूनच आहे. आजी ट्रेनने, आपण पायी, भेट वर.

अडचण एवढीच की ट्रेन वर फक्त अर्धा तास थांबते आणि त्याच ट्रेनने परत यावं लागतं. म्हणजे चालणाऱ्यांनी बरोबर त्या अर्ध्या तासात वर असायला हवं. काकांनी नेस्मिथचा नियम काढला, विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ ला मांडलेला, तीन मैलांना एक तास आणि दर हजार फूट चढाला अर्धा तास जास्त. वाट साडेचार मैल, चढ तीन हजार फुटांच्या थोडा वर, म्हणजे तीन तास, त्यात पोरं, लाडू, बुटात खडा जाणं ह्याचा सव्वा तास. आजींची ट्रेन बाराला निघून एकला पोचणार, म्हणून आम्ही साडेआठला निघालो. वारा जोराचा असेल तर ट्रेन शिखराच्या अलीकडे क्लॉगविन स्टेशनलाच थांबवतात, त्यामुळे माझं अर्धं लक्ष वाटेवर आणि अर्धं ढगांवर.

बाराच्या पुढे धुकं इतकं दाटलं की समोरच्या माणसाची सॅक तेवढी दिसायची. रुळांवरून खडखड ऐकू आली तेव्हा पोरं पळायला लागली, चार तास चाललेली पोरं. आम्ही पोचलो तेव्हा आजी डब्यातून उतरत होत्या, नऊवारीवर सुनेचं लाल जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. पोरांनी त्यांना दोन्ही हातांना धरून सावकाश शेवटच्या पायऱ्यांवरून त्या दगडी चौथऱ्यापर्यंत नेलं. खाली काहीच दिसत नव्हतं, पांढरं नुसतं. आजी म्हणाल्या, "कळसूबाईला पण असंच असतं बाई नवरात्रात." मग पोरांना कळलं की ह्या आजी लहानपणी दरवर्षी नवरात्रात बारीगावातून कळसूबाई चढायच्या, अनवाणी, आणि कळसूबाई १६४६ मीटर आहे. माझा मुलगा हिशोब करत उभा राहिला, स्नोडनची दीडपट. आजींनी चपला काढतात तसे बूट काढायला घेतले, सून म्हणाली नको हो थंडी आहे, त्यांनी ऐकलं नाही. मोज्यांवर उभं राहून दगडाला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि मग सगळ्यांना रांगेत लाडू वाटले, आमच्या मागे थांबलेल्या अनोळखी लोकांना सुद्धा.

काका गेले त्याला आता चार वर्षं झाली, आजी त्याआधीच. नकाशाची पिशवी माझ्या मुलाकडे आहे, संक्रांतीला तो अंथरतो आणि डबे आम्ही ठेवतो. ह्या जानेवारीत वेल्सचा नकाशा उघडला तर शिखराच्या निळ्या त्रिकोणाशेजारी काकांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं, 'आजी, १ वाजता.'