स्क्रीन आणि डोळे: लुकलुक, डिदरिंग आणि अक्षरं, मोजणी कुठवर आली

स्क्रीनमुळे डोळे का दुखतात हे मोजून शोधताना एक गोष्ट आता पक्की झाली आहे: एकट्या मॉनिटरची चाचणी घेऊन हाती फारसं काही लागत नाही. तोच मॉनिटर एका कॉम्प्युटरला जोडला की तासन्‌तास त्रास नसतो आणि दुसऱ्याला जोडला की पंधरा मिनिटांत डोळे जड होतात. म्हणून इथल्या नोंदी संचाच्या आहेत. मॉनिटर, ग्राफिक्स, ड्रायव्हरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती, केबल, रिफ्रेश रेट आणि ब्राइटनेस मिळून एक नमुना धरायचा. यातलं काहीही बदललं तर तो नवा नमुना, नवं पान.

चष्म्याचा नंबर, सिलिंडर आणि दोन्ही डोळ्यांचा मेळ तपासून घेतलेला आहे, असं इथे गृहीत धरलंय. ते झालं नसेल तर मोजणी कितीही नेमकी केली तरी उलगडा होणार नाही. स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, हेही प्रत्येक संचाला लागू आहे. त्याचं खापर पॅनलवर फोडू नये.

प्रकाशाची लुकलुक

पहिला गाळणा मोबाइलचा कॅमेरा. प्रो मोडमध्ये शटर १/२००० किंवा १/४००० सेकंदावर ठेवा, आयएसओ वाढवा, स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा आणि लेन्स इतकी जवळ न्या की पिक्सेल धूसर होतील. आडवे काळे पट्टे दिसले की बॅकलाइट (पॅनलमागचा दिवा) चालू-बंद होतोय. पट्टे गडद आणि कडा ठसठशीत असतील तर चढउतार खोल, फिकट असतील तर उथळ. ऑटो मोडवर ही चाचणी करू नका. कॅमेरा शटर १/६० च्या आसपास नेतो, एका फ्रेममध्ये कितीतरी चक्रं मिसळतात आणि लुकलुकणारा पॅनलही निर्दोष दिसतो.

पट्ट्यांवरून वारंवारताही काढता येते, पण आधी कॅमेरा कॅलिब्रेट करावा लागतो. आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या ९ नंबरच्या पिनवर पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करण्याची पद्धत) साधारण ४९० हर्ट्झचं असतं, ५ आणि ६ वर साधारण ९८०. ९ नंबरच्या पिनवर ५० टक्के ड्यूटीने (अर्धा वेळ चालू, अर्धा बंद) एलईडी लावा, त्यावर ट्रेसिंग पेपर धरा म्हणजे उजेड पूर्ण फ्रेमभर पसरेल, आणि पट्टे मोजा. समजा एलईडीचे १० पट्टे आले आणि स्क्रीनचे ५, तर स्क्रीन २४५ हर्ट्झच्या आसपास. फोटो आणि व्हिडिओ मोडमध्ये सेन्सर वाचण्याचा वेग वेगळा असतो, तेव्हा दोन्ही मोजण्या एकाच मोडमध्ये आणि एकाच रेझोल्यूशनवर करा.

चढउतार किती खोल आहे ते कॅमेरा मोजत नाही. त्यासाठी सेन्सर हवा. ओपीटी१०१ ही चिप सोयीची आहे. फोटोडायोड, अ‍ॅम्प्लिफायर आणि १ मेगाओहमचा रेझिस्टर सगळं आतच असतं, बँडविड्थ १४ किलोहर्ट्झ. २.७ व्होल्टच्या वर कुठल्याही साध्या सप्लायवर ती चालते, आउटपुट थेट ऑसिलोस्कोपला. हाताशी बीपीडब्ल्यू३४ हा साधा फोटोडायोड असेल तर ५ व्होल्टचा उलटा बायस आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर एवढ्यावर भागतं.

यात फसगत होण्याच्या जागा बऱ्याच आहेत आणि जवळजवळ सगळ्या एकाच दिशेने फसवतात: खराब स्क्रीन चांगली दिसते. ५ व्होल्ट सप्लायवर ओपीटी१०१ उजळ स्क्रीनला टेकवली की आउटपुट पावणेचार व्होल्टच्या आसपास छताला जाऊन भिडतं. वरचा भाग कापला जातो आणि रेघ सपाट दिसते. एलसीडीवर सेन्सर काही सेंटीमीटर मागे घ्या. ओलेडवर (जिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो) मात्र मागे घेऊ नका. तिथे अंधाराचा पट्टा ओळींवरून सरकत असतो आणि लांबून बऱ्याच ओळींची सरासरी येते, त्यामुळे खोली खरीपेक्षा कमी निघते. ओलेडवर सेन्सर टेकवूनच ठेवावा आणि मध्ये कोऱ्या कागदाचे एकदोन थर घालावेत.

स्कोप नाही म्हणून साउंड कार्डच्या माइक इनपुटला फोटोडायोड जोडणारे बरेच आहेत. वारंवारता शोधायला ते ठीक, पण त्या इनपुटमध्ये डीसी (सिग्नलचा स्थिर भाग) अडवणारा कपॅसिटर असतो. स्थिर उजेड किती आणि त्यावरची लाट किती, हे प्रमाणच हरवतं, मग टक्केवारी काढणार कशी? उनोच्या अ‍ॅनालॉग पिनची अडचण वेगळी: नेहमीच्या सेटिंगला सेकंदाला दहा हजारांहूनही थोडी कमी वाचनं मिळतात. दोन किलोहर्ट्झच्या पुढे त्या आकड्यांवर विसंबू नये.

मॉड्युलेशनची, म्हणजे चढउताराच्या खोलीची, टक्केवारी काढताना आधी सेन्सर पूर्ण झाकून येणारं व्होल्टेज वजा करा. मग कमाल वजा किमान, भागिले कमाल अधिक किमान, गुणिले १००. निकालाची पट्टी म्हणून आयईईई १७८९-२०१५ हे लुकलुकीचं मानक वापरतोय. ९० हर्ट्झच्या वर कमी जोखमीची मर्यादा वारंवारता गुणिले ०.०८ टक्के, आणि परिणामच न दिसण्याची मर्यादा गुणिले ०.०३३३. उदाहरणार्थ २४० हर्ट्झ, कमाल १.८ व्होल्ट, किमान १.४. मॉड्युलेशन १२.५ टक्के. मर्यादा १९.२ आणि ८, म्हणजे हा नमुना मधल्या पट्ट्यात. पूर्ण चालू-बंद, म्हणजे १०० टक्के मॉड्युलेशन असेल, तर याच हिशोबाने कमी जोखमीसाठी १२५० आणि निर्धोकपणासाठी ३००० हर्ट्झ लागतात. हे मानक दिव्यांसाठी लिहिलेलं आहे, स्क्रीनसाठी नाही. क्रमवारी लावायला ते उत्तम, पण या पट्टीवर पास झालेली स्क्रीन तुमच्या डोळ्यांना मानवेलच असं नाही.

मोजणी ब्राइटनेसच्या १००, ७५, ५०, २५, १० आणि ० वर करा. लॅपटॉपचे बरेच पॅनल ब्राइटनेसच्या वरच्या भागात डीसीवर (सलग प्रवाहावर) चालतात आणि ठरावीक पातळीखाली पीडब्ल्यूएमवर उतरतात. तो उंबरठा सापडणं हाच या टप्प्याचा खरा निकाल. ओलेडमध्ये ‘डीसी डिमिंग’ चालू असलं तरी प्रत्येक रिफ्रेशला उजेडात छोटा खड्डा पडतो. तो अरुंद असतो, पण नोंदवावा.

उंबरठ्याच्या वर राहून उजेड कमी करणं

उंबरठा ४० टक्क्यांवर आहे आणि ४० टक्के डोळ्यांना जास्त होतात, ही नेहमीची कोंडी. सॉफ्टवेअरने गॅमा खाली ओढणं (पिक्सेलचे आकडेच उतरवणं) हा सगळ्यांचा पहिला उपाय असतो, आणि माझ्या मते सगळ्यात शेवटचा असावा. एक तर काळा रंग तेवढाच राहतो आणि पांढरा खाली येतो, म्हणजे कॉन्ट्रास्ट घटतो. शिवाय गॅमा टेबल बदललं की रंगांच्या पातळ्या अपूर्णांकात येतात आणि काही ड्रायव्हर ती उणीव डिदरिंगने, म्हणजे जवळच्या दोन छटा झपाट्याने आलटून पालटून दाखवून, भरून काढतात. रात्रीचा पिवळा मोड लावल्यावर त्रास वाढला अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हे तपासावं. पिवळेपणा हवाच असेल तर तो मॉनिटरच्या मेनूत निळ्याचा गेन कमी करून आणून बघा. पॅनल स्वतः एफआरसी (पॅनलमधलं असंच डिदरिंग) करत असेल तर तिथेही तीच शंका उरते.

त्यापेक्षा प्रकाशाच्या कामात वापरतात ती न्यूट्रल डेन्सिटीची जेल शीट बरी. ०.३ ची शीट उजेड निम्मा करते, ०.६ ची चौथ्या हिश्श्यावर आणते. कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स मध्ये येत नाही, काळा आणि पांढरा सारख्याच प्रमाणात उतरतात. स्क्रीनच्या मापाची कापून वरच्या कडेला टेपने अडकवायची. शीट चकचकीत असते, त्यामुळे मागची खिडकी तिच्यात दिसते. टेबलाची दिशा बदलावी लागते. उजेड किती हवा ते ठरवायला स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा. पांढरं पान कागदाइतकंच उजळ दिसलं की थांबा.

इंटेल ग्राफिक्सच्या काही लॅपटॉपवर लिनक्समध्ये ग्राफिक्स चिपच्या रजिस्टरमध्ये (आतल्या सेटिंगच्या जागी) नवा आकडा लिहून पीडब्ल्यूएमची वारंवारता वाढवता येते. पीरियड (एका चक्राचा काळ) बदलला की ड्यूटीचा आकडाही त्याच प्रमाणात बदला, नाहीतर ब्राइटनेस उडी मारतो. लॅपटॉप झोपून जागा झाला की जुना आकडा परत येऊ शकतो. बॅकलाइटची चिप वरची वारंवारता स्वीकारेल याची खात्री नसते, तेव्हा बदलानंतर सेन्सर पुन्हा लावा.

डिदरिंग: काम इथे चालू आहे

उजेड स्थिर निघाला आणि तरी डोळे दुखतात, तेव्हा संशय पिक्सेलवर. डिदरिंग दोन ठिकाणी होतं: ग्राफिक्समध्ये आणि पॅनलमध्ये. दोन्ही वेगवेगळे पकडावे लागतात.

ग्राफिक्सचं पकडायला कॉम्प्युटरचा सिग्नल रेकॉर्ड करणारं एचडीएमआय कॅप्चर कार्ड. स्क्रीनशॉट निरुपयोगी, कारण डिदरिंग फ्रेमबफरच्या (तयार चित्राच्या मेमरीच्या) पुढे होतं. कार्ड असंपीडित आरजीबी देणारं हवं. एमजेपीईजीवर (चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीवर) चालणारी स्वस्त कार्डं दाबादाबीत स्वतःच पिक्सेल बदलतात आणि सगळीकडे डिदरिंगच दिसतं. गडद करड्या रंगाची पार्श्वभूमी लावा, माउस पॉइंटर, घड्याळ आणि लुकलुकणारा कर्सर लपवा, दोन सेकंद रेकॉर्ड करा, लागोपाठच्या फ्रेम एकमेकींतून वजा करा आणि फरक शंभरपट वाढवून बघा. पूर्ण काळं आलं तर त्या जोडणीत डिदरिंग नाही. ‘त्या जोडणीत’ हे महत्त्वाचं: कार्ड कॉम्प्युटरला आपली ओळख बहुधा ८ बिटची म्हणून देतं, तुमचा खरा मॉनिटर १० बिटची देत असेल तर ड्रायव्हर तिथे वेगळं वागू शकतो.

पॅनलची बाजू माहितीपत्रकात थोडीफार दिसते. १.६२ कोटी रंग लिहिले असतील तर ६ बिट अधिक एफआरसी. २५३ चा घन तेवढा येतो. १.६७ कोटी म्हणजे ८ बिट, पण ते खरे की एफआरसीचे हे आकड्यावरून नक्की होत नाही. १०७ कोटी बहुतेक वेळा ८ बिट अधिक एफआरसी. खात्रीसाठी यूएसबी मायक्रोस्कोप किंवा मॅक्रो लेन्स आणि २४० फ्रेमचा स्लो मोशन. ब्राइटनेस उंबरठ्याच्या वर ठेवा, नाहीतर पीडब्ल्यूएमच सगळं झाकून टाकतं. करड्याच्या लागोपाठच्या पातळ्या एकेक करून दाखवा. साधारण दर चौथी पातळी शांत आणि मधल्या वळवळताना दिसल्या की ६ बिटचा पॅनल सापडला.

बंद करण्याची साधनं सिस्टीमप्रमाणे बदलतात. अ‍ॅपल सिलिकॉन मॅकवर स्टिलकलर किंवा बेटरडिस्प्ले. लॉगिनला आपोआप सुरू होईल असं ठेवा. ग्रेडियंटमध्ये (सलग बदलत जाणाऱ्या छटांमध्ये) पायऱ्या दिसू लागल्या तर समजा काम झालं. लिनक्सवर एनव्हिडियाच्या अधिकृत सेटिंग्ज पॅनलमध्ये डिदरिंग थेट बंद करता येतं, आणि एनव्हिडियाच्याच कार्डांसाठीच्या नूवो या खुल्या ड्रायव्हरमध्ये मोड ‘ऑफ’, ‘स्टॅटिक’ किंवा ‘टेम्पोरल’ निवडता येतो. स्टॅटिकमध्ये नक्षी जागची हलत नाही. पूर्ण बंद केल्यावर पायऱ्या फार खुपत असतील तर हा मधला मार्ग. विंडोजवर डिदरिग हे साधन आहे, पण ड्रायव्हर बदलला की बदल टिकला का ते पुन्हा कॅप्चर करून बघा.

लॅपटॉपवर आणखी एक लबाडी असते: बॅटरी वाचवायला पानावरच्या मजकुरानुसार बॅकलाइट आणि कॉन्ट्रास्ट हळूहळू हलवणं. इंटेलमध्ये डीपीएसटी, एएमडीमध्ये व्हॅरी-ब्राइट. दोन्ही ग्राफिक्सच्या पॉवर सेटिंगमधून बंद होतात. पांढऱ्या पानावरून काळ्यावर जाताना कडेची करडी पट्टी सावकाश रंग बदलत असेल तर हे चालू आहे.

अक्षरं

इथे थोडक्यात. टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल तर सिग्नल ४:४:४ (प्रत्येक पिक्सेलचा रंग पूर्ण पाठवणारा) आणि फुल आरजीबी आहे ना ते बघा. ४:२:० वर लाल-निळी अक्षरं फिसकटतात. ओलेडमध्ये सबपिक्सेलची (पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या भागांची) मांडणी नेहमीच्या तीन उभ्या पट्ट्यांची नसते, म्हणून क्लिअरटाइपने (विंडोजच्या सबपिक्सेल स्मूदिंगने) अक्षरांना रंगीत कडा येतात; तिथे ग्रेस्केल स्मूदिंग लावा. स्केलिंग शक्यतो १०० किंवा २०० टक्के. मॅकमध्ये २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून सबपिक्सेल स्मूदिंग मुळात बंद असतं, त्यामुळे ९२ पीपीआयच्या (इंचाला ९२ पिक्सेलच्या) जुन्या २४ इंची मॉनिटरवर अक्षरं भुरकट दिसतात. त्याला इलाज जास्त पीपीआयचाच.

पुढच्या फेरीत ई-इंक मॉनिटर. बॅकलाइट नाही म्हणून तो आपोआप पास, असं धरून चालणार नाही. त्याच्या फ्रंट लाइटलाही पीडब्ल्यूएम असू शकतं, आणि करड्या छटा डिदर करून दाखवणारे मोड असतात. मोजणीचा क्रम तोच: आधी लाइट बंद, मग किमान, मग वर. तोवर जो संच डोळ्यांना मानवला आहे त्याची सिस्टीम आणि ड्रायव्हरची अपडेट्स आपोआप चढणार नाहीत अशी ठेवा, आणि नवीन आवृत्ती वेगळ्या डिस्कवर चढवून आधी कॅप्चर कार्डासमोर बसवा.