बगळ्याच्या पंखातली हरवलेली पिसे

गेल्या जानेवारीत एका कंपनीच्या दिनदर्शिकेसाठी पक्ष्यांची छायाचित्रे काढण्याचे काम घेऊन मी भिगवणजवळ, उजनी धरणाच्या फुगवट्यावर गेलो होतो. त्या सकाळची एक फ्रेम अजूनही माझा पिच्छा सोडत नाही.

कुंभारगावाहून नाव सोडली तेव्हा धुके होते. ते विरल्यावर नाववाल्या मामांनी इंजिन बंद केले आणि बांबूने ढकलत नाव पाण्यातल्या बाभळींसमोर नेली. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उडावेत म्हणून थव्यात नाव घालायला लावणारे छायाचित्रकार मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या मानाने हे मामा पक्ष्यांना अधिक ओळखतात. बाभळींच्या ओल्या, काळ्या खोडांपुढे एक मोठा बगळा उथळ पाण्यात उभा होता. आमच्या पाठीमागून आलेले कोवळे ऊन नेमके त्याच्यावर पडले होते आणि मागच्या झाडीत अंधार होता.

असे दृश्य डोळ्यांना जितके सुखद, तितकेच कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला चकवणारे असते. समोर पांढरे आहे की काळे, हे मीटरला कळत नाही. जे दिसेल ते सरासरीने मध्यम करडे यावे, एवढाच त्याचा हिशेब असतो. फ्रेमचा नऊ-दशांश भाग काळा असला की तो काळा करडा व्हावा म्हणून मीटर प्रकाश वाढवतो आणि त्या नादात बगळ्याचा कोरा कागद होतो. ‘पांढरा पक्षी म्हणजे उणे एक’, म्हणजे मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप कमी, निम्माच प्रकाश, असे सूत्र कार्यशाळांतून सर्रास वाटले जाते, ते मला मुळीच पटत नाही. पक्षी फ्रेममध्ये लहान असेल तर उणे दीडही पुरत नाही, आणि त्याने फ्रेम भरून टाकली तर उलट अधिककडे जावे लागते. म्हणून मी मॅन्युअलवरच, म्हणजे प्रकाश स्वतः ठरवून, काम करतो, कारण पक्षी झाडीसमोरून उडून उजळ पाण्यावर गेला तरी त्याच्या अंगावरचे ऊन तेच राहते. भर उन्हातल्या पांढऱ्या पक्ष्यासाठी आयएसओ (संवेदनशीलता) ४००, एफ ८ (भिंगाचे छिद्र) आणि १/३२०० सेकंद हा माझा आरंभबिंदू; त्या कोवळ्या उन्हात मी एफ ५.६ आणि १/२५०० ठेवले. पहिल्या फ्रेममध्ये मानेवरचे पीस न् पीस मोजता येत होते.

कंपनीचे प्रतिनिधी सोबत होते. कॅमेऱ्याचा पडदा हाताच्या आडोशाने पाहून ते म्हणाले, “सर, फारच काळोखी वाटतंय. साहेबांना ब्राइट लागतं.” उघड्यावर, पाण्याच्या चकाकीत तो पडदा मंदच दिसणार, आणि काळी झाडी काळी दिसते म्हणजे फ्रेम बरोबर आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण दोन मिनिटांनी तेच वाक्य पुन्हा आले. तिसऱ्या वेळी मी मुकाट्याने डायल फिरवली आणि १/२५०० चे १/१६०० केले, म्हणजे प्रकाश वाढवला.

“साहेब, धरला बघा,” असे मामा पुटपुटले तेव्हा बगळ्याच्या पिवळ्या चोचीत मासा तडफडत होता, आणि पुढच्याच क्षणी त्याने दोन्ही पंख उघडून झेप घेतली. मला अकरा फ्रेम मिळाल्या. हिस्टोग्रामवर, म्हणजे फ्रेममध्ये उजेड-अंधार किती ते दाखवणाऱ्या आलेखावर, ओझरती नजर टाकली. आलेख उजव्या कडेपासून, म्हणजे निव्वळ पांढऱ्यापासून, जरा अलीकडेच थांबला होता.

घरी संगणकावर रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद) उघडली तेव्हा खरा प्रकार समजला. माझ्या कॅमेऱ्यावर तेव्हा एकरंगी हिस्टोग्राम लावलेला होता आणि त्यात हिरव्या रंगाचे वजन सर्वांत जास्त धरलेले असते. सकाळच्या पिवळसर उन्हात पांढऱ्या पिसांवर तिन्ही रंगांपैकी आधी लाल वाहिनी (लाल रंगाची नोंद) काठोकाठ भरते, आणि ती भरली तरी एकरंगी आलेख शांतच राहतो. उजव्या पंखाच्या वरच्या बाजूला दोन बोटे रुंदीचा पट्टा पूर्ण सपाट झाला होता. तो खाली ओढून पाहिला तर पिसे परत आली नाहीत, आला तो निळसर राखाडी डाग. सुरुवातीच्या ‘काळोख्या’ फ्रेमची झाडी मात्र मी हवी तितकी उजळू शकलो. थोडा रवा (दाणेदारपणा) दिसला, इतकेच.

दोष प्रतिनिधींचा म्हणावा, तर डायल माझ्याच हाताने फिरली. शिवाय त्या पंधरा मिनिटांत सूर्य वर येऊन ऊनही वाढले होते आणि मी ते पुन्हा मोजले नव्हते. दोन-तृतीयांश स्टॉप मी दिला, उरलेला उन्हाने दिला.

कंपनीने नेमकी तीच फ्रेम निवडली. छपाईत तो पट्टा कागदाच्या पांढऱ्यात मिसळून गेला आणि कोणाच्याही लक्षात आला नाही. प्रतिनिधींनी तर फोन करून “बघा सर, ब्राइट केल्याचा फायदा झाला,” असे कौतुकही केले. मी आभार मानले. आता कॅमेऱ्यावर तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम कायमचा लावलेला आहे. ती फाइल मात्र मी अधूनमधून दोनशे टक्के मोठी करून उघडतो आणि त्या पट्ट्यात एखादे पीस शिल्लक आहे का, ते पाहत बसतो.