आमची वाटचाल: किड्यांच्या डब्यापासून गेकोच्या पेटीपर्यंत

लेस्टरमधला आमचा व्यवसाय सुरू झाला तो जिवंत किड्यांपासून. रातकिडे, टोळ, मीलवर्म आणि डुबिया झुरळं डब्यांत भरून विकायची, बस्स. ब्रिटनमध्ये लेपर्ड गेको (ठिपकेवाली पाल) पाळणारे खूप आणि हा प्राणी किड्यांखेरीज काही खात नाही, त्यामुळे गिऱ्हाईक परत येतंच. पुढे पेटीचं तापमान राखणारे थर्मोस्टॅट आले, मग पेट्या आणि सर्वांत शेवटी मोजके गेको. तक्रार आली की तिचं मूळ शोधायचं आणि त्यावरचा माल ठेवायचा, असं करत दुकान वाढलं. ‘गेको खात नाही’ ही आमच्याकडची सदाबहार तक्रार. बहुतेक वेळा दोष किड्यांचा नसतो, उष्णतेचा असतो.

तरी किड्यांचं आधी सांगतो. डबा घरी नेला की तो तसाच कपाटात ठेवू नका. रातकिडे ओलीने आणि कोंडीने मरतात. झाकणाच्या आतल्या बाजूला पाणी जमलं की दुसऱ्या दिवशी अर्धा डबा आडवा. जाळीचं झाकण असलेल्या मोठ्या डब्यात अंड्यांचे कागदी ट्रे उभे ठेवा, गाजराचे काप आणि कोंडा घाला, पाण्याची वाटी ठेवू नका. गेकोला देण्याआधी किडे निदान २४ तास पोटभर खाल्लेले हवेत. उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल. टोळांना ऊब आणि रोज ताजा पाला लागतो, पण पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरतं. मीलवर्म मात्र फ्रिजमध्ये निवांत राहतात.

किड्याची रुंदी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नसावी. पिल्लाला रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांआड. वॅक्सवर्म क्वचितच द्यावा. त्यात चरबी फार, आणि एकदा चटक लागली की गेको दुसऱ्या किड्याकडे बघतही नाही. न खाल्लेले रातकिडे रात्री पेटीत ठेवू नका, ते झोपलेल्या गेकोची कातडी कुरतडतात. किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र असतं, म्हणून कॅल्शियमची पावडर लावूनच द्यायचे. पिशवीत किडे आणि चिमूटभर पावडर टाकून एकदा हलवलं की झालं. हे टाळलं की काही महिन्यांत जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, चालताना पोट जमिनीला टेकतं. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही.

आता उष्णता. गेकोला स्वतःची ऊब नसते; पोट गरम झालं तरच खाल्लेलं पचतं. तापलेल्या दगडाचा पृष्ठभाग ३२ ते ३४ अंश सेल्सिअस, गरम बाजूच्या लपणात साधारण ३०, थंड बाजूला २४ ते २६. रात्री १८च्या खाली जाऊ देऊ नये. इथल्या हिवाळ्यात रात्री हीटिंग बंद करणाऱ्या घरांत नेमकं हेच होतं: संध्याकाळी खाल्लेला टोळ पहाटेपर्यंत पोटात तसाच, आणि सकाळी ओकलेला सापडतो.

हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) थर्मोस्टॅटशिवाय विकायची नाही, हा आमच्या दुकानाचा नियम. उघडी मॅट सहज ४५ अंशांच्या वर जाते. पोटाची कातडी भाजते आणि गेको तिथून उठत नाही, कारण त्याला ऊब हवीच असते. लाकडी पेटीच्या बुडाखाली मॅट चिकटवणारे बरेच. लाकूड उष्णता अडवतं, मॅट आतल्या आत तापत राहते आणि पेटी थंडच. लाकडी पेटीत मॅट आत बसवायची, एक तृतीयांश जमीन झाकेल एवढीच, आणि तिच्यावर मातीचा जाड थर द्यायचा नाही.

मॅटला साधा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट, सिरॅमिक हीटरला पल्स (ठोक्याठोक्याने वीज देणारा), हॅलोजन दिव्याला डिमिंग (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा). हॅलोजनला पल्स जोडला तर दिवा दिवसभर लुकलुकतो, ऑन-ऑफ जोडला तर बल्ब लवकर जातो. आणि सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे प्रोब, थर्मोस्टॅटच्या वायरीचं तापमान मोजणारं टोक. मॅट असेल तर प्रोब थेट मॅटवर, दिवा असेल तर तापणाऱ्या स्लेट दगडाच्या कडेला, केबल क्लिपने घट्ट. सैल सोडला की गेको तो ओढत थंड बाजूला नेतो. थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गार आहे, आणि तो उष्णता देतच राहतो. प्रोब पाण्याच्या वाटीत पडला तरी तेच. म्हणून डायलवरच्या आकड्यावर विसंबू नये. इन्फ्रारेड गन महाग नाही, तिने दगडाचा पृष्ठभाग रोज एकदा बघावा.

आमची पेटी ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची, १५ मिलिमीटर मेलामाइन बोर्डची. आतले सांधे ॲक्वेरियमच्या सिलिकॉनने भरतो, नाहीतर ओल शिरून कडा फुगतात. ६० सेंटिमीटरची पेटी स्वस्त पडते, पण तिच्यात गरम आणि थंड बाजू नीट वेगळ्या होत नाहीत. पेटीत तीन लपणं हवीत: गरम, थंड आणि दमट. दमट लपणात भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (शेवाळ). कात टाकताना ते नसेल तर बोटांवर जुनी कातडी अंगठीसारखी आवळून बसते आणि पुढे बोटच गळतं. कात टाकल्यावर बोटं मोजा; अडकलेली असेल तर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय भिजवून ओल्या कापसाच्या काडीने सोडवा, ओढू नका.

वाळू आम्ही ठेवत नाही. ‘कॅल्शियम सँड’ तर मुळीच नाही. चव लागते म्हणून गेको ती चाटतो आणि आतडं तुंबतं. नवीन प्राण्याला पहिले दोन-तीन महिने पेटीच्या तळाला किचन रोलच बरा: विष्ठा दिसते, बदलायला सोपा. या काळात चिमटा आणि वाट्या वेगळ्या ठेवा. क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातल्या परजीवीने शेपूट काडीसारखी वाळते. ब्लीचने तो जात नाही, आणि एका पेटीतून दुसरीत जायला एक चिमटा पुरतो. विष्ठेची पीसीआर तपासणी करून घेतलेली चांगली.

गेको विकायला इंग्लंडमध्ये २०१८च्या नियमांनुसार स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. नोंदी ठेवणं, गिऱ्हाइकाला लेखी माहिती देणं त्यात आलंच. आम्ही ‘लेमन फ्रॉस्ट’ हा गेकोचा रंगप्रकार ठेवत नाही. रंग देखणा, पण त्याच जनुकामुळे बहुतेकांना गाठी होतात. २०२१मध्ये ते जनुक कोणतं हे संशोधकांनी दाखवून दिलं. ‘एनिग्मा’ही नाही, ते गोल फिरतात, डोकं वाकडं धरतात, किड्यावर नेम चुकतो. मागणी आहे, दुसरं कुणी विकेलही, विको.

‘जोडी द्या, एकट्याला करमणार नाही’ असं म्हणणारे आपले मराठी पालक हमखास भेटतात. गेकोला सोबत लागत नाही. दोन नर एकमेकांना फाडतात, नर-मादी ठेवली तर मादी हंगामभर दर तीन-चार आठवड्यांनी दोन-दोन अंडी घालून खंगते. एका पेटीत एकच.

पुण्या-नाशकाकडच्या नातेवाइकांकडून ‘आमच्या माळावर असलीच ठिपकेवाली पाल निघते’ असे फोटोही येतात. ते खरंच असतं. महाराष्ट्र-गुजरातेत याच कुळातली युब्लेफॅरिस फस्कस आहे, सातपुड्यातली वेगळी जात २०१४मध्ये नोंदवली गेली. विषारी समजून तिला मारतात; तिला विष अजिबात नसतं. पण ती उचलून घरी आणायचीही नाही. इथे विकले जाणारे लेपर्ड गेको (युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस) कित्येक पिढ्या पेटीतच जन्मलेले असतात.

प्राणी देण्याआधी आम्ही रिकाम्या पेटीचे आठवडाभराचे आकडे मागतो: सकाळ-रात्र, गरम आणि थंड दोन्ही बाजू. सोबतच्या कागदावर जन्मतारीख, वजन, शेवटचं खाणं लिहिलेलं असतं. वजन दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर, डब्यात बसवून. दहा टक्के घटलं तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा व्हेट गाठा, आणि जाताना तो कागद व ताजी विष्ठा घेऊन जा. विष्ठा साध्या झाकणाच्या डबीत चालते.